वाचकांचे प्रश्न : ‘डिड’ आला की ‘वेन्ट’ का जातो?

‘डिड यू वेन्ट?’ चूक आणि ‘डिड यू गो?’ बरोबर, असं का? गोष्ट तर कालचीच आहे ना?

कालची आहे हे ‘डिड’ने सांगून झालंय, म्हणूनच. इंग्रजीत काळ एकाच क्रियापदावर दिसतो. मदतीला ‘डू’ आलं की काळाचं ओझं तेच उचलतं आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परततं. म्हणून ‘ही वेन्ट’चा नकार ‘ही डिड नॉट गो’ असा होतो. वर्तमानकाळातही तसंच आहे. ‘शी वर्क्स’मधला शेवटचा एस प्रश्न करताना ‘डू’ला जाऊन लागतो, त्याचं ‘डज’ होतं आणि वाक्य बनतं ‘डज शी वर्क?’. ‘डज शी वर्क्स?’ म्हटलं की एस दोनदा आला.

ही चूक मराठी सवयीतून येते. तो गेला, तो गेला का, तो गेला नाही : तिन्हीकडे ‘गेला’ जागचा हलत नाही. मग इंग्रजीतही आपण ‘वेन्ट’ तसाच ठेवतो आणि वर ‘डिड’ चिकटवतो.

प्रश्न करताना आधी वाक्यात ॲम, इज, आर, वॉज, वेअर, कॅन, विल यांपैकी काही आहे का ते बघा. असेल तर तेच कर्त्याच्या आधी आणा : ‘शी इज टायर्ड’, ‘इज शी टायर्ड?’. इथे ‘डज’ घुसवू नका. साधं क्रियापद असेल, तरच डू, डज किंवा डिड बोलवा.

आता एक खाचखळगा. ‘कोण आलं?’ याला ‘हू केम?’ आणि ‘काय झालं?’ याला ‘व्हॉट हॅपन्ड?’ म्हणतात, ‘डिड’शिवाय. तिथे हू आणि व्हॉट हेच कर्ते आहेत. ‘तू कोणाला भेटलास?’ यात कर्ता ‘यू’ आहे, म्हणून ‘हू डिड यू मीट?’. हा फरक कळला की प्रश्नार्थक वाक्यांचा बराचसा घोळ मिटतो.

ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी ‘ॲन’ लावायचं, असं शिकलो. मग ‘अ युनिव्हर्सिटी’ कसं?

नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आपल्याला यात देवनागरीची सोय आहे. शब्द जसा बोलतात तसा देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’ य ने सुरू होतो, म्हणून ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास, ‘ऑनेस्ट’ म्हणजे प्रामाणिक; स्पेलिंगमध्ये आधी एच असला तरी तो उच्चारात नाही, म्हणून ‘ॲन’. ‘वन-वे स्ट्रीट’ला ‘अ’ आणि ‘एमएलए’ला ‘ॲन’ लागतं तेही याच हिशेबाने. फक्त तुमचा उच्चार नीट हवा. ‘एग’ला ‘येग’ म्हणायची सवय असेल तर ही युक्ती फसेल.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत नेहमी गल्लत होते.

होणारच, कारण आपण ‘सोमवारपासून’ही म्हणतो आणि ‘दोन तासांपासून’ही. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’ : सिन्स मंडे, सिन्स 2019. किती वेळ ते सांगायचं तर ‘फॉर’ : फॉर टू अवर्स, फॉर थ्री इयर्स. ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ या वाक्यात मात्र दोन चुका आहेत आणि दुसरी सहसा कोणी दाखवत नाही. वाट पाहणं आधी सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून ‘ॲम’ऐवजी ‘हॅव बीन’ हवं : ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’.

‘वॉक्ड’चा उच्चार ‘वॉकेड’ करायचा का?

नाही. मूळ क्रियापद ट किंवा ड ने संपत असेल तरच शेवटी ‘इड’ ऐकू येतं : वॉन्टिड, नीडिड. क, प, फ, स, श, च नंतर हलका ट : वॉक्ट, हेल्प्ट, वॉच्ट. बाकी सगळीकडे ड : प्लेड, ओपन्ड.

रोज वीस शब्द पाठ करते, आठवड्यात विसरते. काय चुकतं?

वीस जास्त होतात आणि सुटा शब्द टिकत नाही. पाच-सहा घ्या, पण जोडीदारासकट लिहा. नुसतं ‘मिस्टेक’ नको, ‘मेक अ मिस्टेक’ लिहा. नाहीतर बोलताना ‘डू अ मिस्टेक’ तोंडात येतं. क्रियापदाची तिन्ही रूपं एका ओळीत ठेवा. ‘ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट’ आणि ‘बाय, बॉट, बॉट’ एकाखाली एक लिहिलीत की आणणं आणि विकत घेणं यांची सरमिसळ थांबेल. ‘ब्रिंग’मधला र ‘ब्रॉट’मध्येही आहे, एवढी खूण पुरते.

उजळणी करताना इंग्रजी बाजू झाका आणि मराठी वाचून इंग्रजी शब्द आठवा. उलट केलं तर शब्द ओळखता येतो, पण बोलताना सुचत नाही. ही उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने करा. जो शब्द अडला, तो पुन्हा पहिल्या दिवसाच्या यादीत टाका.