क्ले कोर्टवरचे टेनिस संथ असूनही त्याच्या हंगामाची एवढी वाट का पाहिली जाते?

क्ले कोर्टवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, चेंडू संथ येतो, रॅली (एका गुणासाठी चेंडूची देवाणघेवाण) लांबतात आणि सामने चार-चार तास चालतात, तरीही टेनिसप्रेमी एप्रिल ते जून या हंगामासाठी एवढे आतुर का असतात, असे आपण विचारले आहे. आपले निरीक्षण बरोबर आहे. माझे उत्तर असे की, जो संथपणा आपल्याला खटकतो त्याच्यामुळेच खेळाडू काय विचार करतो आहे ते प्रेक्षकाला दिसते, आणि इतर कोर्टांवर ते इतके स्पष्ट क्वचितच दिसते.

फ्रेंच ओपन जिथे खेळली जाते त्या पॅरिसच्या रोलँ गॅरोसवरील कोर्टांना आपण लाल माती म्हणतो, पण वरचा थर विटांच्या बारीक भुकटीचा असतो. जुन्या वाड्यांच्या चुन्यात घालत ती सुरखीच म्हणा ना. हा थर जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरचा. त्याखाली दाबून बसवलेली चुनखडी, मग जळक्या कोळशाचा चुरा, मग खडी आणि दगड, असा एकूण सुमारे 80 सेंटिमीटरचा पाया असतो. या भुकटीवर चेंडू पडला की त्याचा पुढे जाण्याचा वेग घटतो आणि तो उंच उसळतो. गवतावर सपकन खाली राहून निसटणारी सर्व्हिस इथे परतवता येते. मग नुसत्या जोरावर गुण मिळत नाही, तो रचावा लागतो: आधी टॉपस्पिनचे, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारे, उंच फटके देऊन प्रतिस्पर्ध्याला बॅकहँडच्या कोपऱ्यात मागे रेटायचे, मग दुसऱ्या टोकाला पळवायचे, आणि तो बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, पार मागे उभा राहू लागला की हळूच जाळीजवळ पडणारा ड्रॉप शॉट टाकायचा. कुस्तीचे शौकीन मॅटवरची आणि मातीवरची कुस्ती यांत जो फरक सांगतात, तो मला इथे आठवतो; आमच्या इंदुरात आखाड्यांची परंपरा जुनी आहे, आणि मातीत उतरलेले पैलवान एकमेकांचा अदमास घेत असतात तेव्हा जाणकार प्रेक्षक कंटाळत नाही.

मला स्वतःला हे खेळून कळले. इंदूरमध्ये मी सकाळी ज्या कोर्टवर खेळते ते लाल मुरुमाचे आहे. आदल्या संध्याकाळी माळीदादा त्यावर पाणी मारतात, गोणपाट ओढून सगळ्या खुणा पुसतात आणि चुन्याच्या रेघा पुन्हा आखतात. मे महिन्यात साडेसहाला ओलसर, जड असलेले तेच कोर्ट आठ वाजेपर्यंत सुकते, पायाखाली फुफाटा उडू लागतो आणि चेंडू अंगावर लवकर येतो, म्हणजे दीड तासात खेळ बदलतो. सुरुवातीला मी पळत जाऊन फटका मारायची आणि त्यानंतर घसरत लांब जायची, त्यामुळे परत मध्यभागी यायला उशीर व्हायचा. आमच्या मार्करने, म्हणजे क्लबात सराव करून घेणाऱ्या माणसाने, एक दिवस खेळ थांबवला, बुटाने मातीत दोन हात लांबीची रेघ ओढली आणि म्हणाला, "दीदी, पहले फिसलो, फिर मारो." घसरण संपता संपता फटका बसला पाहिजे, म्हणजे शरीर थांबलेले असते आणि लगेच परत फिरता येते. ते वाक्य कानात घेऊन मी क्लेचा बादशहा राफेल नदाल याचे पाय पाहू लागले, आणि तोपर्यंत आपण अर्धाच खेळ पाहत होतो हे लक्षात आले.

हंगामाची आणखी एक गोडी म्हणजे पृष्ठभाग एकच असूनही गावागणिक त्याची चाल बदलते. स्पर्धा होतात त्या गावांपैकी माँटे कार्लो समुद्राकाठी आहे, तर माद्रिद सुमारे 650 मीटर उंचीवर, आपल्या इंदूरपेक्षाही 100 मीटर वर. तिथल्या विरळ हवेत चेंडू सुसाट सुटतो आणि खेळाडूंना तारा अधिक ताणून घ्याव्या लागतात. तिथून रोमला आले की तोच चेंडू पुन्हा जड वाटतो, आणि पॅरिसला पाऊस, ऊन आणि वारा एकाच दुपारी भेटू शकतात. 2012 साली माद्रिदमध्ये निळी क्ले वापरून पाहिली, पण ती निसरडी असल्याची तक्रार नदाल आणि जोकोविच दोघांनीही केली आणि तो प्रयोग पुढच्या वर्षी बंद झाला.

या कोर्टवर मोठमोठ्यांची खरी परीक्षा होते. पीट सॅम्प्रासने कारकिर्दीत एकेरीची 14 ग्रँड स्लॅम जिंकली, त्यांत पॅरिसचे एकही नाही. राफेल नदालने एकट्या पॅरिसमध्येच 14 जिंकली, आणि तिथे 112 सामने जिंकताना फक्त 4 गमावले. महिलांमध्ये ख्रिस एव्हर्टने 1973 ते 1979 या काळात क्लेवर सलग 125 सामने जिंकले. केवळ ताकदीवर असे आकडे उभे राहत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही खेळाडू निव्वळ बचावाचा खेळ करत चेंडू परतवत राहिले तर सामना खरोखरच कंटाळवाणा होतो, आणि अशा सामन्यांचे समर्थन मी करणार नाही. पण फ्रेंच ओपनमधली 2025 ची पुरुषांची अंतिम लढत आठवा, कार्लोस अल्काराझ विरुद्ध यानिक सिनर. आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू झालेला तो सामना मध्यरात्रीपर्यंत, 5 तास 29 मिनिटे चालला. चौथ्या सेटमध्ये 3-5 आणि 0-40 अशा स्थितीत अल्काराझ सर्व्हिस करत होता आणि सिनरकडे विजेतेपदाचे तीन गुण होते. जेवण उरकून सहज येऊन बसलेली माझी आई "संपले आता" म्हणत उठायला निघाली होती. अल्काराझने तिन्ही गुण वाचवले, सेट घेतला आणि पाचव्या सेटचा टायब्रेक (सेट बरोबरीत आल्यावरचा निर्णायक गेम) 10-2 असा जिंकला. आई तोवर जागची हलली नव्हती.

यंदा पहायचे ठरवलेच, तर पॅरिसच्या पहिल्या आठवड्यातील दिवसाचे सामने निवडा. ते आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू होतात, त्या वेळी बाहेर लू वाहत असते आणि घराबाहेर पडवत नाही. पहिला एक सेट चेंडूकडे पाहू नका. सर्व्हिस परतवणारा खेळाडू बेसलाइनच्या किती मागे उभा आहे आणि प्रत्येक गेमनंतर तो किती पुढे किंवा मागे सरकतो, एवढेच पहा.