पायथनच्या नमपाय (कोडमध्ये एनपी) या आकडेमोडीच्या लायब्ररीत किमती न भरता थ्री-डी अ‍ॅरे, म्हणजे तीन दिशांचा आकड्यांचा तक्ता, कसा करायचा?

थोडक्यात तुमचा प्रश्न: कोल्हापूर जिल्ह्यातल्या १२ तालुक्यांचा वर्षभराचा तासवार पाऊस ठेवायचाय, पण एनपी.एम्प्टी(१२, ३६५, २४) एरर देतं.

एक कंस कमी पडलाय. आकार टपलमध्ये, म्हणजे कंसातल्या एका यादीत द्या: एनपी.एम्प्टी((१२, ३६५, २४)). नाहीतर ते १२ लाच आकार धरतं आणि ३६५ ला डीटाइप (आकड्यांचा प्रकार) समजतं.

आता खरी गोम. एम्प्टी फक्त जागा घेतं, पुसत नाही. मेमरीत आधीचं जे काही पडलेलं असेल तेच आकडे म्हणून दिसतं. प्रिंट केल्यावर सगळी शून्यं आली तरी भुलू नका, तो योगायोग. ६.९ई-३१० सारखा आकडा दिसला तर निदान शंका तरी येते. पण गगनबावड्याच्या एखाद्या न भरलेल्या तासात जुना ४.५ राहिला, तर तो पाऊस म्हणून बिनबोभाट सरासरीत जातो.

आणि एवढं करून वाचतं काय? फ्लोट६४ मध्ये (दर आकड्याला ८ बाइट) हा अख्खा अ‍ॅरे जेमतेम साडेआठ लाख बाइटचा. प्रत्येक खाना नक्की भरणार असाल तरच एम्प्टी वापरा. पर्जन्यमापकाच्या नोंदी हमखास गळतात, म्हणून मी एनपी.फुल((१२, ३६५, २४), एनपी.नॅन) घेईन, म्हणजे प्रत्येक खान्यात आधी नॅन, ‘आकडा नाही’ अशी खूण, आणि सरासरीला नॅन वगळणारं एनपी.नॅनमीन.