शिवणक्लास लावू द्या

कळव्याच्या ताई विचारतात: लेक मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्पेससूट डिझाइन करायचे म्हणते, आणि सुट्टीत कॅडचा (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचा) कोर्स सोडून शिवणक्लास लावायचाय. समजावू का तिला?

नका समजावू. अंतराळासाठी मी एक टाकाही घातलेला नाही, पण रबाळे एमआयडीसीत २२ वर्षं केमिकल प्लँटचे हवाबंद सूट केलेत. पोरीला बरोबर कळलंय.

अपोलोचे चांद्रसूट ज्या कंपनीत शिवले, तिचं प्लेटेक्स हे नाव घरोघरी माहीत होतं ते बायकांच्या अंतर्वस्त्रांमुळे. तिथे टाचण्यांवर करडी नजर असे. एक आत राहिली की सूटला भोक. आमच्याकडे राहिलीच एकदा. सूट फुगवून शिवणीवर साबणाचं पाणी फिरवलं, तर काखेत मोहरीएवढा बुडबुडा. तीन दिवस शिवणीवरची हवाबंद टेप उसवत बसलो. तेव्हापासून टाचण्या बंद, क्लिपा सुरू.

खरी गोम हातमोज्यात आहे. नासाच्या स्पेसवॉक सूटात शुद्ध ऑक्सिजन असतो, दाब ४.३ पीएसआय, म्हणजे आपल्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तरी बाहेर निर्वात, त्यामुळे हातमोजा सायकलच्या ट्यूबसारखा फुगून ताठ. बोट वाकवलं की आतली जागा घटते, म्हणजे दरवेळी हवा दाबायची. सहा-सात तास हेच! काहींची नखंसुद्धा निघालीत. १९६५ मध्ये पहिला स्पेसवॉक करणाऱ्या रशियन लिओनॉव्हचा सूट इतका फुगला की आतला दाब उतरवूनच त्याला यानात शिरता आलं. पण दाब फार उतरवला तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे धरतात. म्हणून सांध्याला अशा चुण्या हव्यात की वाकलं तरी आतली जागा तेवढीच राहील. गणित मेकॅनिकलचं, पण चुणी कुठे घ्यायची ते कापड हातात धरल्याशिवाय उमगत नाही.

डिग्री बदलू नका. पुढे माटुंग्याला व्हीजेटीआयत टेक्स्टाइल आहे, आयसीटी या केमिकलच्या संस्थेत पॉलिमर. आपल्याकडे हे काम मुख्यतः डीआरडीओच्या बंगळूरमधल्या डेबेल प्रयोगशाळेत आणि इस्रोच्या तिरुअनंतपुरममधल्या विक्रम साराभाई केंद्रात. जागा थोड्या, हे तिला आत्ताच सांगा. तोवर अग्निशमनाचे, केमिकलचे सूट आहेतच, पगारही बरा.

आणि क्लासमध्ये ब्लाउजची बाही आली की नीट बघायला सांगा. काखेची गोलाई आमच्या दोन इंजिनिअरांना वर्षभर बसली नव्हती. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका लेडीज टेलरने खडूने आखून दिली, चहा संपायच्या आत.