स्पेशल डी.एड. करू की स्पीच थेरपी?

प्रश्न : मी गंगाखेडची. बारावी सायन्सला ५८ टक्के पडले, नीटमध्ये काही झालं नाही. माझा चुलतभाऊ पाच वर्षांचा आहे, नीट बोलत नाही. बालवाडीच्या बाईंनी "घरीच ठेवा" म्हणून परत पाठवला. अशा लेकरांसाठी काम करावं वाटतं. स्पेशल डी.एड. करू की स्पीच थेरपीची डिग्री? घरचे म्हणतात, मुक्यांच्या शाळेत बाई होऊन काय मिळणार?

उत्तर : आधी भावाचं बोलू. त्याची ऐकण्याची तपासणी झाली का, हे तू लिहिलं नाहीस. हाक मारली की वळतो, एवढ्यावर "ऐकू येतंय" म्हणू नका. काही आवाज पोचतात, काही नाही. "याचा बाप पण उशिराच बोलला" म्हणत आपल्याकडे नेमकी कामाची वर्षं जातात. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी कर, मुलांमधले असे दोष लवकर ओळखून उपचार करायलाच ते असतं. अंगणवाडीत तपासणीला येणारं आरबीएसकेचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही तिकडे पाठवतं. आणि वाचा-भाषा दोष २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, हे त्या बाईंच्या कानावर घाल.

आता तुझं. ही दोन कामं दिसायला सारखी, दिवस मात्र अगदी वेगळे. 'काका'ला 'ताता' म्हणणारं मूल घे. थेरपिस्ट आधी बघते की त्याला दोन्हींतला फरक कळतो का. मग जिभेचं टोक खाली दाबून धरून मागून 'क' काढून घेते. एका वेळी एक मूल, अर्धा-पाऊण तास. विशेष शिक्षिकेकडे तेच मूल रोज तासन् तास असतं. डब्याचं झाकण ती मुद्दाम घट्ट लावते आणि थांबते. त्याने "काढ" म्हणावं, निदान खूण तरी करावी. हे थांबणं भल्याभल्यांना जमत नाही. आपण झाकण उघडून मोकळे होतो.

स्पीच थेरपीची डिग्री म्हणजे बीएएसएलपी. ती चार वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. पुढे स्वतःचं क्लिनिक काढता येतं. स्पेशल डी.एड. दोन वर्षांचं, त्यात श्रवणदोष किंवा बौद्धिक दिव्यांगत्व अशी शाखा निवडावी लागते. नोकऱ्या आहेत, पण बऱ्याच कंत्राटी. घरच्यांची काळजी इथे अगदीच चुकीची नाही.

घरचे चार वर्षं बाहेर ठेवायला तयार असतील तर मी बीएएसएलपीच म्हणेन. थेरपी घरच्या भाषेत व्हावी लागते. आणि आपल्याकडे कुणाच्या घरी "काहून" नि "कुठं चाललास बे", कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या तांड्यावर गोरमाटी. बाहेरून आलेल्या थेरपिस्टला हे शिकावं लागतं, तुझ्या कानावर ते रोज पडतं. पण खर्च झेपणारा नसेल तर डी.एड. कर, त्यात कमीपणा नाही. पुढे पदवी घेऊन विशेष बी.एड. करता येतं.

फॉर्म भरण्याआधी परभणीत एखाद्या विशेष शाळेत परवानगी काढून आठवडाभर नुसती बसून ये. लहान गटातच बस, मोठ्यांच्या वर्गात नको. कोर्स कुठलाही घेतलास तरी कॉलेजचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत स्वतः शोध. माहितीपत्रकावरच्या शिक्क्यावर जाऊ नकोस. मान्यता नसेल तर परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय त्या प्रमाणपत्रावर काम करता येत नाही.