'सेटलर', 'होमस्टेड' आणि शेतावरची वस्ती

प्रश्न थोडक्यात असा: नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या शेतकरी गावाने स्मरणिका काढली आहे. तिथे पहिल्यांदा येऊन राहिलेल्या कुटुंबांच्या हकिगती तिच्यात आहेत. त्या गावात सून म्हणून गेलेल्या एका मराठी बाईंना त्या इकडच्या नातेवाइकांसाठी मराठीत आणायच्या आहेत. 'सेटलर'ला त्यांनी 'वसाहतवादी' लिहिलं आणि स्वतःलाच खटकलं. 'होमस्टेड'ला 'वाडा' लिहिलं, तेही पटेना. शिवाय हकिगतींत जागोजाग 'बी' येते, तर या मधमाशीचं तिथे काय काम, असंही त्यांनी विचारलं आहे.

'वसाहतवादी' आधी खोडा. वसाहतवाद हे सत्तेचं धोरण झालं. बैलजोडी, नांगर आणि चार पोरं घेऊन उतरलेल्या नॉर्वेजियन किंवा चेक कुटुंबाला तो शब्द चिकटवला की वाचकाला टोपी घातलेला गोरा साहेब दिसायला लागतो. 'वसाहतकार' त्या मानाने बरा, पण इतिहासाच्या पुस्तकातला. 'स्थायिक' हे विशेषण आहे. 'स्थायिकांनी विहीर खणली' असं कुणी बोलत नाही. 'पायोनियर'साठी वर्तमानपत्रं 'अग्रदूत' वापरतात, तो सत्कार समारंभापुरता ठीक.

माझं मत 'वस्ती'ला. सोलापूर-सांगलीकडे रस्त्याने जाताना 'शिंदे वस्ती', 'काळे वस्ती' अशा पाट्या लागतात. गावठाण सोडून स्वतःच्या रानात घर बांधून राहिलेलं एखादं घराणं, शेजारी विहीर, गोठा, कडब्याची गंज. 'ते वस्तीवर राहतात' एवढं म्हटलं की गावापासून लांब, दिवसाही शांत, रात्री कुत्र्याचा आधार, हे सगळं ऐकणाऱ्याला कळतं. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं होमस्टेड नेमकं हेच होतं. आपल्याकडे मूळ पद्धत पांढरीत घर आणि काळीत शेत अशी, वस्ती त्यातून फुटून निघालेली. तिकडे मात्र सुरुवातच वस्तीने झाली आणि तिला कारण कायद्याचं होतं.

तो कायदा सांगायलाच हवा, कारण त्याशिवाय निम्मे शब्द अधांतरी राहतात. २० मे १८६२ रोजी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने किरकोळ फी भरायची आणि १६० एकर सरकारी जमीन धरायची. पाच वर्षं त्या जमिनीवरच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मग दोन साक्षीदार आणून तसा पुरावा दिला की जमीन नावावर. नागरिकत्वाचा नुसता इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही हे खुलं होतं, म्हणून तर युरोपातून एवढी कुटुंबं आली. 'जमिनीवरच राहायचं' ही अट असल्यामुळे प्रत्येक घर आपापल्या तुकड्यावर उभं राहिलं. सरकारी मोजणी आधीच चौकटींची होती: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एकेक सेक्शन ६४० एकरांचा, म्हणजे एक चौरस मैल. त्याचा पाव हिस्सा १६० एकर. शेजारी अर्ध्या मैलावर.

त्या पहिल्या अर्जदारांमध्ये डॅनियल फ्रीमन याचं नाव घेतात. कायदा १ जानेवारी १८६३ला लागू झाला, त्याच दिवशी त्याने ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत नोंद केली. जमीन बीअट्रिस गावाजवळची. आज तिथे होमस्टेडचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. पाच वर्षांनी त्याच्या साक्षीदारांनी जो कागद दिला तो वाचण्यासारखा आहे. घर काही ओंडक्यांचं, काही फळ्यांचं, १४ बाय २० फूट, एकमजली, दोन दारं, दोन खिडक्या. सुमारे ३५ एकर जमीन नांगरून, कुंपण घालून कसलेली. शंभर फूट लांबीचा मेंढरांचा गोठा, मक्याची कणगी, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडं. घर २८० चौरस फूट, मुंबईत याला वन रूम किचन म्हणतात. तेव्हा 'वाडा' कसा लिहायचा?

'वस्ती'ला एक अडचण आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला 'वस्तीतली मुलं' म्हटलं की झोपडपट्टी आठवते. म्हणून पहिल्या उल्लेखात 'शेतावरची वस्ती' लिहा, पुढे नुसती 'वस्ती' चालेल. तिथल्या एका खोलीच्या शाळांना तर 'वस्तीशाळा' हा शब्द आपोआप बसतो. आपल्याकडे सरकारी योजनेमुळे तो रुळलेलाच आहे, आणि एक बाई, एक खोली, सगळ्या इयत्ता हा मामलाही तोच. कायद्याचं नाव आणि त्याखाली मिळालेली जमीन यांना मात्र 'होमस्टेड'च राहू द्या. तिथे 'इनाम' नको, इनाम मर्जीने मिळतं. पेशवाईत पडीक जमीन लागवडीला आणायला 'इस्ताव्याचा कौल' देत: पहिली वर्षं सारा नाममात्र, मग दरसाल चढत पुऱ्या आकारापर्यंत. कल्पना जवळची आहे आणि मला हा शब्द सुचवायचा मोहही झाला, पण तो आता इतिहास संशोधकांशिवाय कुणाला कळणार नाही. शिवाय कौलात सारा चढतो, इथे पाच वर्षांनी मालकी मिळते. हकिगतींत 'प्रूव्ह अप' येईल तिथे 'पुरावा देऊन जमीन नावावर करून घेतली' असं सरळ लिहा. 'सातबाऱ्यावर नाव चढलं' हे वाक्य मात्र लेखणीतून उतरू देऊ नका, ते फार आपलं होईल.

आता 'वसाहत'. हा शब्द मी सेटलरसाठी नको म्हटलं, पण पुस्तकातून हद्दपार करू नका. वस्ती आणि वसाहत दोन्ही 'वसणे'च्या घरचे. घराकडे बघाल तेव्हा वस्ती, नकाशाकडे बघाल तेव्हा वसाहत. फ्रीमनची जमीन ज्या गेज काउंटीत आहे, तो सगळा बिग ब्लू नदीचा मुलूख ओटो-मिझूरिया या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा होता. १८५४च्या करारात त्यांनी मोठा प्रदेश सोडला आणि नदीकाठच्या राखीव तुकड्यावर राहिले. तोही पुढे विकला गेला आणि १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. पॉनी लोक त्याआधीच, १८७०च्या दशकात गेले होते. स्मरणिकांमध्ये बहुधा 'ओसाड प्रदेशात आले' असं एक वाक्य असतं. ते जसंच्या तसं 'ओसाड' म्हणून आणलंत तर मराठी वाचकाची गल्लत होईल, कारण आपल्याकडे ओसाड गाव म्हणजे माणसं सोडून गेलेलं गाव. इथे माणसं घालवली गेली होती. मूळ लेखकाचं वाक्य बदलायचा अधिकार आपल्याला नाही, पण प्रस्तावनेत दोन ओळी लिहायचा आहे, आणि त्या ओळींत 'वसाहत' हाच शब्द हवा.

याला दुसरी बाजूही आहे. कॅन्ससमधलं निकोडिमस गाव १८७७मध्ये वसवलं ते गुलामगिरीतून सुटून केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खोदलेल्या घरांत काढला. तेही सेटलरच. एकाच शब्दाखाली इतकी वेगवेगळी माणसं असतील तर मराठीत त्यांच्यासाठी साधा, न टोचणारा शब्द असलेला बरा, आणि न्यायनिवाडा वाक्याने करावा.

मधमाशीकडे येतो. शेजाऱ्यांनी जमून कुणा एकाचं काम उरकायचं, त्या जमण्याला तिकडे 'बी' म्हणत. 'बी'चा उगम मधमाशीत नसून शेजाऱ्यांनी केलेली मदत या अर्थाच्या जुन्या बोलीतल्या शब्दात असावा, असं काही कोशकार मानतात. ते काही असो, मराठीत याला तयार शब्द आहे: इर्जिक. एखाद्याचं नांगरट-पेरणीचं काम अडलं की गावातले शेतकरी आपापली औतं घेऊन येतात, एका दिवसात काम उरकतात. मजुरी नाही, ज्याची इर्जिक त्याच्या घरी जेवण. मिडवेस्टमध्ये लाकडी गोठ्याचे सांगाडे एका दिवसात असेच उभे राहत. बायकांची गोधडी शिवायची बी असे, ती तर आपल्याकडच्या वाचकाला समजावूनही सांगायला नको. मक्याची कणसं सोलायची इर्जिक रात्री असायची, आणि सोलताना ज्याला लाल कणीस सापडेल त्याला एका मुलीचा मुका घ्यायची मुभा, अशी रीत होती. इथे कृपा करून 'चुंबन' लिहू नका. मक्यात मुकाच शोभतो.

पण मळणीला इर्जिक म्हणू नका. वाफेच्या इंजिनावर चालणारं मळणीयंत्र महाग, एकट्याला परवडणारं नव्हे. म्हणून डझनभर शेजारी मिळून एक फेर धरत, यंत्र एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाई आणि मागोमाग सगळी माणसं. आज तुझी मळणी, उद्या माझी. कुणी किती तास काम केलं याची वही असे. हंगाम संपला की बसून हिशेब, ज्याचे तास कमी भरले त्याने फरक द्यायचा, आणि वर आइस्क्रीम. ही सरळ सरळ सावड. एकेकच बैल असलेले दोघे शेतकरी जोडी लावून आळीपाळीने दोघांची शेतं नांगरतात ती सावड, तिच्यात परतफेड गृहीत असते. इर्जिकीत उपकार असतो, सावडीत हिशेब. इंग्रजी हकिगतींत दोन्ही सरमिसळ येतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वही होती का जेवण होतं ते बघून शब्द ठरवा. जेवण सावडीतही असायचंच म्हणा. पंधरा-वीस मळणीवाल्यांचा स्वयंपाक घरच्या बाईवर पडे आणि कुणाच्या घरी पाय कसा होता याची चर्चा पुढच्या शेतावर होई.

पाय म्हणजे तो भाजलेला फळांचा. याला 'पाय'च लिहा, वाक्यात घोटाळा होणार नाही एवढं पाहा.

बाकीचे शब्द भराभर. प्रेअरीला माळरान म्हणू नका: आपला माळ मुरमाड, उथळ मातीचा, प्रेअरीची माती खोल, काळी, आणि गवताच्या मुळांनी इतकी विणलेली की बिडाचा नांगर तिला चिकटून बसे. जॉन डिअरने १८३७मध्ये इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला तो याच मातीसाठी. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी 'प्रेअरी' वाचलेलं आहे, तेच ठेवा. लाकूड नसल्याने याच मातीचे फूटभर रुंद पट्टे नांगराने काढून, तोडून, विटांसारखे रचून घर बांधत, त्याला 'सॉडी' म्हणत. 'मातीचं घर' लिहिलंत तर वाचकाला पेंढा मिसळलेल्या भिंती दिसतील, म्हणून पहिल्यांदा वर्णन करून पुढे 'सॉडी' लिहा. छपराला मात्र 'धाबं' हा शब्द हमखास वापरा. विदर्भ-मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरात पावसाळा काढलेल्याला, बाहेरचा पाऊस थांबल्यावर आतला सुरू होतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. आढ्याखाली कापड ताणत, माती जेवणात पडू नये म्हणून. जळणाला आधी गव्यांचं आणि मग गुरांचं रानात वाळलेलं शेण वेचत, त्याला 'गोवऱ्या' नको, गोवऱ्या थापाव्या लागतात. ते रानशेणी. १८७४च्या आपत्तीला 'टोळधाड' हाच शब्द. घामाचं मीठ लागलेल्या अवजारांच्या दांड्यासुद्धा त्या टोळांनी कुरतडल्या होत्या.

एक गोष्ट मराठी लिहिणाऱ्यालाच छळते. 'सेटलर'ला लिंग नाही, आपल्या क्रियापदाला आहे. अविवाहित बाई, विधवा, घर एकटीने चालवणारी, यांना स्वतःच्या नावाने जमीन धरता येत होती. नवरा असलेल्या बाईला सहसा नाही. तेव्हा आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच दिलेल्या नोंदीत डोळे मिटून 'त्याने जमीन धरली' लिहू नका, शक्य तिथे पूर्ण नाव शोधा. याच कारणाने 'मूळपुरुष' हा आपला सुरेख शब्द मी सरसकट सुचवत नाही, काही घराण्यांचा मूळपुरुष बाई असेल.

शेवटी 'ओल्ड सेटलर्स पिकनिक'. मिडवेस्टमधल्या कितीतरी काउंट्यांत हे वार्षिक मेळावे भरत. अमुक सालाआधी आलेले तेवढे 'ओल्ड सेटलर', नंतरचे नाहीत. म्हणजे काही वर्षांतच तिथे मिरासदार आणि उपरी झाले होते. मी याला 'जुन्या वस्तीकरांचा मेळावा' म्हणेन. 'वस्तीकर' शब्द कुणाला नवा वाटला तर वाटू दे, गावकरी-वारकरी-भाडेकरू यांच्या पंगतीत तो बसून जाईल. आणि मेळाव्यात कोण पहिलं आलं यावरून भांडणं झाली असतील तर तीही हकिगतीतून गाळू नका.