वर्ग नसतो त्या दिवशीचा वर्ग

प्रिय पोरी,

काल तुझ्या आईचा फोन आला. कॅलिफोर्नियातल्या डी अँझा कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या (संख्याशास्त्राच्या) हायब्रिड, म्हणजे अर्ध्या कॉलेजात आणि अर्ध्या ऑनलाइन, वर्गात तुला जागा मिळाली, हे ऐकून मला फार आनंद झाला. पण पुढे ती म्हणाली, "दोनच दिवस कॉलेज, बाकीचं घरूनच आहे, म्हणजे तिला दुकानात जास्त शिफ्ट घेता येतील." तेव्हापासून चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

शिफ्ट वाढवू नकोस. आधी हिशोब बघ. तुझा विषय ५ युनिटचा आहे. इथे एका युनिटला आठवड्याचा १ तास वर्ग आणि २ तास स्वतःचा अभ्यास धरतात, म्हणजे एकूण १५ तास. हायब्रिड आहे म्हणून ते कमी होत नाहीत. वर्गातले काही तास फक्त कॅन्व्हसवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या संकेतस्थळावर, सरकतात. त्यात डी अँझा सेमिस्टरवर नाही, क्वार्टरवर, म्हणजे त्याहून छोट्या सत्रांवर चालतं, अंतिम परीक्षेचा आठवडा धरून सगळा खेळ १२ आठवड्यांचा. सेमिस्टरमध्ये एखादा आठवडा मागे पडलं तर भरून काढता येतं. इथे तेवढ्यात अख्खा धडा हातचा जातो.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. नवीन आले होते तेव्हा दुसऱ्या एका कॉलेजात मी असाच वर्ग घेतला. सांगलीला बारावीत गणितात चांगले गुण होते, त्यामुळे भीती नव्हती. ज्या दिवशी कॉलेज नाही तो दिवस मी मोकळा समजले. पोळ्या लाटता लाटता व्हिडिओ लावायचे आणि ऐकलं म्हणजे झालं, असं वाटायचं. सहाव्या आठवड्यात विषय सोडावा लागला आणि ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) 'डब्ल्यू', म्हणजे विषय मध्येच सोडल्याची खूण, आला. गणित अवघड नव्हतं. घरातल्या अभ्यासाला मी जागाच ठेवली नव्हती.

म्हणून घरच्या दिवसांनाही वेळापत्रक हवं. मंगळवार-गुरुवारी ज्या वेळेला वर्ग असेल, त्याच वेळेला सोमवारी आणि बुधवारीही बसायचं. जमल्यास घरी नकोच. तुमच्या दोन खोल्यांत आजीची मालिका, भावाचा गेम आणि स्वयंपाकघर, सगळं एकाच भिंतीला लागून आहे. त्यात कुणाचा दोष नाही, पण तिथे अभ्यास होणार नाही. बसचा पास काढ आणि लायब्ररीत जा. आईला काय सांगायचं ते मी बघते. "ती कॉलेजात गेली आहे" म्हटलं की घरातलं कुणी हाक मारत नाही, आणि "ती घरीच आहे" म्हटलं की प्रत्येक जण मारतो.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट अजिबात चुकवू नकोस. कॅन्व्हस उघडलं की तिथे एखादं छोटं काम असतं: स्वतःची ओळख लिहा, सिलॅबसवरची क्विझ सोडवा. गुण नगण्य असतात, म्हणून मुलं ते मागे टाकतात. पण जे दिसले नाहीत त्यांची नावं प्राध्यापक सुरुवातीलाच काढून टाकू शकतात, आणि वेटलिस्टवर मुलं ताटकळत असतात. सिलॅबस छापून घे आणि त्यातल्या परीक्षेच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. 'डब्ल्यू' न लागता विषय सोडण्याची शेवटची तारीखही लिही. ती वापरावी लागणार नाही, पण माहीत असू दे.

आता गृहपाठ. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ट्युटरिंग सेंटरच्या टेबलावर मी सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकलेली पाहते. ऑनलाइन गृहपाठात बहुतेक वेळा एकाहून जास्त प्रयत्न मिळतात. चुकलं तर लाल, बरोबर आलं तर हिरवं.

समज, आठ आकडे दिले: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन), म्हणजे आकडे सरासरीपासून किती फैलावलेत ते काढा. टीआय-८४ कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरून बटण दाबलं की सरासरी ५ येते, आणि खाली दोन वेगळी उत्तरं दिसतात: एसएक्स २.१३८ आणि सिग्माएक्स २. मुलगा २ भरतो, लाल. मग २.१३८ भरतो, हिरवं. पुढचं गणित. असं करत त्याला गृहपाठात जवळपास पैकीच्या पैकी मिळतात. मग वर्गात, कागदावर, मिडटर्म येते. तिथे लाल-हिरवं काही नसतं आणि तो थिजून बसतो.

तू हेच गणित एकदा वहीत हाताने कर. प्रत्येक आकड्यातून ५ वजा कर, वर्ग कर, बेरीज कर. ३२ येते. ८ ने भागलंस तर ४, वर्गमूळ २. ७ ने भागलंस तर वर्गमूळ २.१३८. आता विचार: हे आठ आकडे म्हणजे सगळा गट आहे, की मोठ्या गटातून उचललेला नमुना? नमुना असेल तर एक कमी करून भागायचं, कारण नमुन्याची सरासरी त्याच आकड्यांतून काढलेली असते आणि त्यामुळे फैलाव खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. एवढं एकदा मनात बसलं की पुढे चूक होत नाही. प्रत्येक गणिताआधी वहीत एक ओळ लिही: हा नमुना की सगळा गट? स्क्रीनवर उत्तर हिरवं झालं तरी वहीत कारण लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. व्हिडिओचंही तसंच. उदाहरण सुरू झालं की थांबव, आधी स्वतः सोडव, मग बघ.

तुझं दहावीपर्यंतचं गणित मराठीत झालंय, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिही. मध्य म्हणजे मीन, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड. पहिले दोन घाईत उलटे होतात, म्हणून हे पान समोर ठेव. गणित तुला येतं, फक्त त्याची इथली नावं नवी आहेत.

आणि ऑफिस अवर्सला जा. आपल्याकडे सरांकडे शंका घेऊन जाणं म्हणजे मागे पडल्याची कबुली असं वाटायचं. इथे तो वेळ प्राध्यापकांनी तुझ्यासाठीच राखून ठेवलेला असतो. हायब्रिडमध्ये ते तुला आठवड्यातून दोनदाच बघतात. दुसऱ्या आठवड्याच्या आत एक खरी शंका घेऊन जा, चेहरा आणि नाव जुळू दे.

पुस्तकावर पैसे घालण्याआधी सिलॅबस बघ. याच डी अँझाच्या बार्बरा इलोव्स्की आणि सुझन डीन यांनी लिहिलेलं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक ओपनस्टॅक्स या पाठ्यपुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तुमच्या वर्गाला दुसरं लावलं असलं तरी सरावाला हे ठेव.

कॅल्क्युलेटर विकत घेऊ नकोस. माझा टीआय-८४ कपाटात पडून आहे. रविवारी जेवायला ये आणि घेऊन जा. येताना वही आण, ते आठ आकड्यांचं गणित हाताने सोडवलेलं मला बघायचं आहे.

तुझी
मावशी