'जा' नको ताई, 'चल' म्हणा

"मावशी, आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या शिक्षणासाठी लातूरला खोली केली. मी, आठवीतली लेक आणि चौथीतला मुलगा इथं राहतो. मालक गावाकडं शेती बघतात, शनिवारी रात्री येतात. गावात असताना लेक शाळेच्या खो-खोच्या संघात होती. आता शाळा, क्लास आणि खोली. सहा महिने झाले, गप्प गप्प असते, बारीक कारणावरून रडते, रात्री बारापर्यंत झोपत नाही, डोकं दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करायला लावा. मी रोज सांगते, 'जा, जरा फिरून ये, दोरीवरच्या उड्या मार.' परवा म्हणाली, 'आता ह्याचापण क्लास लावतीस का?' काय करू?"
— एक आई, लातूर

प्रिय ताई,

लेकीचं ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. मला त्यात उद्धटपणा दिसला नाही, थकवा दिसला. तिच्या दिवसातली प्रत्येक गोष्ट दुसरं कुणीतरी ठरवतं आणि मग तपासतं. शाळेत सर, क्लासला सर, रविवारी टेस्ट. त्यात आई म्हणते, उड्या मार. म्हणजे अजून एक गृहपाठ, आणि तोही एकटीनं करायचा. खो-खो तसा नव्हता. तिथं मागून कुणीतरी पाठीला हात लावून 'खो' द्यायचं, मग ती उठून पळायची. आज त्या खोलीत तिला खो द्यायला तुमच्याशिवाय कुणी नाही. म्हणून 'जा' म्हणणं बंद करा. 'चल' म्हणा, आणि आधी स्वतः चपला घाला.

हे तुम्हाला अवघड जाईल, आणि त्याचं कारण आळस नाही. आपल्या घरांत अंग हलवणं म्हणजे कष्ट. तुम्ही खुरपलंय, सोयाबीन काढलंय, हापशावरनं घागरी आणल्यात. लेकीच्या वाट्याला ते ऊन येऊ नये म्हणून तर शेतीतला पैसा भाड्यात घालून ही खोली केली. मग लेकरू पंख्याखाली पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं की जिवाला बरं वाटतं. मराठवाड्यातल्या कितीतरी आयांच्या चेहऱ्यावर मी ते समाधान पाहिलंय आणि ते खोटं नाही. पण तेरा वर्षांच्या अंगाला कष्ट नको असले तरी पळणं हवंच असतं. गाव सोडताना आपण कष्ट मागं ठेवले आणि त्यांच्यासोबत पळणंही मागंच राहिलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं थोडा दम लागेल इतकी हालचाल करावी. ती सलग असायची गरज नाही. आणि जगभरात ११ ते १७ वयाच्या दर पाचांतली चार मुलं एवढंही हलत नाहीत, त्यातही मुली मुलांपेक्षा मागं. तेव्हा 'माझंच कुठं चुकलं' हे मनातून काढा. शरीर दमलं की झोप वेळेवर लागायला मदत होते, आणि झोप सुधारली की चिडचिड, रडू बऱ्याचदा कमी होतं. पुस्तकापुढून उठवून तिला पळवलं तर अभ्यास बुडेल ही भीती असेल, पण बारापर्यंत जागलेल्या डोळ्यांनी कुठला अभ्यास होतोय?

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. खोलीत समोर बसवून 'काय झालं सांग' म्हटलं की या वयाची पोरं दार लावून घेतात. रस्त्यानं चालता चालता, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कुठल्या तरी वळणावर ती आपणहून बोलेल. तेव्हा सल्ला देऊ नका, नुसतं ऐका. आणि एक नियम पाळाच: फिरताना मार्कांचं नाव नाही. वजनाचंही नाही. 'बसून बसून जाड झालीस' हे एक वाक्य सगळ्यावर पाणी फिरवेल.

आज संध्याकाळी दूध आणायला तिघं जा, थोडं लांबच्या रस्त्यानं. क्लास दीड-दोन किलोमीटरच्या आत असेल तर ऑटो सोडा, तुम्ही सोबत चाला. उन्हाळ्यात मात्र भल्या पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावरच. धाकट्याला घेऊन गच्चीवर लंगडी खेळा. तुम्ही लंगडीत बाद झालात की लेक हसेल, ते हसू औषधासारखंच समजा. आणि फुगडी! पंचमीला माहेरी घातलेल्या फुगड्या आठवा. पाच मिनिटांची फुगडी किती दम काढते हे तुम्हाला मी सांगायला नको. परक्या शहरातल्या खोलीत दिवसभर तुम्हीही एकट्याच असता, ताई. हे सगळं तुमच्याही जिवासाठी आहे.

एक नाजूक गोष्ट विचारते. पाळी सुरू झाल्यावर 'आता मोठी झालीस, पोरांत कशाला खेळतीस' असं घरात कुणी म्हणालं का? धाकटा खुशाल बाहेर खेळतो आणि ती खिडकीतून बघते, असं होतंय का? पाळीच्या दिवसांतही बरं वाटत असेल तर खेळायला काही हरकत नसते. तिला अंगाला नीट बसणारे आतले कपडे घेऊन द्या. लाजेपायी खेळ सोडलेल्या मुली मी पाहिल्यात. थोडं चालून लगेच थकत असेल, चेहरा पांढुरका दिसत असेल, तर आधी रक्त तपासा. या वयात मुलीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली नको. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती घेते का तेही विचारा.

शाळेच्या खेळाच्या सरांना भेटून तिला खो-खोच्या सरावाला घाला. 'गावाकडचा खेळ' म्हणून कुणी हिणवलं असेल तर तिला सांगा, शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठीच २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यातला महिलांचा चषक आपल्या मुलींनीच जिंकला.

दाजींनाही यात घ्या. दारात पाय ठेवल्या ठेवल्या 'टेस्टला किती पडले?' विचारत असतील तर आठवडाभराची वाट बघणं तिथंच फुकट जातं. रविवारी सकाळी त्यांनी दोन्ही लेकरांना मैदानावर न्यावं, स्वतः पळावं. त्या वेळी टेस्ट असेल तर महिन्यातून एखादी बुडू द्या. आठवीत आहे ती. डॉक्टर व्हायला अजून पुष्कळ वर्षं आहेत.

आता जपून ऐका. चालण्या-खेळण्यानं सगळंच बरं होतं असं नाही, आणि सहा महिने हा थोडा काळ नाही. हे सगळं सुरू करा, पण सोबत तिला एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून आणा. लातूरच्या सरकारी दवाखान्यातही तो विभाग आहे. टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जेवण तुटलं, शाळा नको म्हणायला लागली तर उशीर करू नका. 'मी नसते तर बरं झालं असतं' असं बोलली किंवा स्वतःला इजा केली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोक काय म्हणतील हे नंतर बघू.

पंचमीला गावी जाल तेव्हा बांधावरच्या लिंबाला झोका बांधायला दाजींना सांगून ठेवा. आल्यावर मला पत्र टाका. लेकीला दोन ओळी लिहाव्या वाटल्या तर तिच्याही येऊ द्या, वाट बघते.

तुमची,
मावशी